टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? तेलाच्या जागेवरून ओळखा स्कूटरचे इंजिन

सातारा/सांगली, प्रतिनिधी - जुनी स्कूटर विकत घेणाऱ्यास पेट्रोल पंपावर पहिलाच प्रश्न पडतो, तो पेट्रोलमध्ये ऑइल घालायचे की नाही हा. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर घालायचे, फोर-स्ट्रोक असेल तर नाही. येथे चूक झाल्यास इंजिन निकामी होऊ शकते.

केवळ गाडीच्या नावावर विसंबणे धोक्याचे ठरते. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीतून १९७५ मध्ये स्थापन झालेल्या साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीची 'प्रिया' टू-स्ट्रोक होती. कंपनीने गिअरच्या स्कूटरचे उत्पादन २००६ मध्ये थांबविले. 'चेतक'ची गोष्ट निराळी आहे. १९७२ मध्ये आलेली ही स्कूटर अनेक वर्षे टू-स्ट्रोक होती. पुढे त्याच नावाने फोर-स्ट्रोक गाडी आली आणि २०२० पासून हे नाव विजेवरील स्कूटरला आहे. बिनगिअरच्या गाड्यांत 'कायनेटिक होंडा' टू-स्ट्रोक, तर 'ॲक्टिव्हा' फोर-स्ट्रोक आहे.

फरक कशात?

टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक आवर्तनात एकदा स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये त्यासाठी दोन आवर्तने लागतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल व हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जाते. त्यामुळे तेथे ऑइल साठवून ठेवता येत नाही. वंगण पेट्रोलबरोबरच आत जावे लागते आणि तेही जळते. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन ऑइल खाली साठलेले असते व पुन:पुन्हा फिरते.

ओळखण्याच्या खुणा

इंजिन ऑइल तपासण्याची डिपस्टिक असल्यास गाडी फोर-स्ट्रोक समजावी. टू-स्ट्रोकमध्ये टू-टी ऑइल पेट्रोलच्या टाकीतच मिसळतात, किंवा 'कायनेटिक होंडा'प्रमाणे त्याची वेगळी टाकी असते. मात्र खाली ऑइल काढण्याचा बोल्ट दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. टू-स्ट्रोक गाडीतही गिअर ऑइल स्वतंत्र असते आणि तो बोल्ट त्याचा असू शकतो.

दुसरी खूण सिलिंडर हेडची. फोर-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात व त्यावर टॅपेटचे झाकण बसविलेले असते. टू-स्ट्रोकच्या हेडवर पंख्यासारख्या पट्ट्या आणि स्पार्क प्लग एवढेच आढळते.

निळसर धूर ही लोकप्रिय, पण फसवी खूण आहे. पिस्टन रिंग झिजलेली फोर-स्ट्रोक गाडीही ऑइल जाळून तसाच धूर सोडते. आवाजाचा अंदाजही सरावलेल्या कानालाच येतो.

चूक महागात पडते

टू-स्ट्रोकमध्ये नुसते पेट्रोल भरल्यास पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो. खंबाटकीसारख्या चढावर भार असताना हे घडले, तर मागचे चाक एकाएकी जाम होऊ शकते. गिअरच्या गाडीवर अशा वेळी तात्काळ क्लच दाबावा. यवतेश्वर घाटासारख्या लांब उतारावरही थ्रॉटल पूर्ण बंद ठेवू नये. पेट्रोल कमी झाले की त्यात मिसळलेले वंगणही कमी होते. अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडावा. मिश्रणाचे प्रमाण साधारणत: एका लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे दोन टक्के असते; तरीही गाडीच्या पुस्तिकेतील प्रमाण पाळावे.

याउलट फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घातल्यास प्लगवर काजळी धरते आणि धूर वाढतो. इंजिन ऑइलची पातळी मात्र त्याने भरून निघत नाही.

म्हणून एमएच ११ असो वा एमएच १०, जुन्या स्कूटरचा व्यवहार ठरविण्यापूर्वी विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: 'हिचे ऑइल कोठे ओतता?' आणि ती जागा स्वत: उघडून पाहावी.