वनस्पतींमधील अँटिऑक्सिडंट प्रदूषणापासून फुफ्फुसांना वाचवतात का?

हळद, आवळा, तुळस घेतली की फुफ्फुसे 'डिटॉक्स' होतात, असे मेसेज हिवाळ्यात हमखास फिरतात. थोडक्यात उत्तर असे: प्रयोगशाळेतील पेशींवर काही वनस्पती घटकांचा संरक्षक परिणाम दिसतो. पण माणसाची फुफ्फुसे त्यामुळे वाचतात, हे सिद्ध झालेले नाही.

प्रदूषणाने पेशींचे काय होते?

पीएम 2.5 म्हणजे 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण. ते फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. कणांवरील धातू आणि काजळीमुळे पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढतात. ते पेशींची आवरणे, प्रथिने आणि डीएनए यांना इजा करतात व सूज निर्माण होते. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

अँटिऑक्सिडंट काय करतात?

क जीवनसत्त्व हे रेणू थेट निष्प्रभ करते. हळदीतील कर्क्युमिन आणि ब्रोकोलीतील सल्फोराफेन पेशीतील 'एनआरएफ 2' हे प्रथिन जागे करतात. त्यामुळे पेशी स्वतःची संरक्षक विकरे तयार करते.

मग अडचण कुठे आहे?

मुळशी तालुक्यातील लवळे येथे सिंबायोसिस विद्यापीठाचा जीवविज्ञान विभाग आहे. अशा ठिकाणी कोणत्याही घटकाची पहिली चाचणी सहसा काचपात्रातील पेशींवर होते. फुफ्फुसासाठी 'ए 549' या कर्करोगाच्या पेशी जगभर वापरल्या जातात. तिथे घटक थेट पेशींवर टाकतात. शरीरात मात्र तो आधी पचनातून जातो. कर्क्युमिन तर रक्तात फारच कमी उतरते.

माणसांवर काय दिसले?

चीनमध्ये 291 जणांवरील 12 आठवड्यांच्या चाचणीत काहींना ब्रोकोलीच्या मोडांचे पेय दिले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बेंझीनचे विघटित अंश लघवीतून 61 टक्के जास्त बाहेर पडले. आशा वाटावी असा हा निकाल आहे. पण फुफ्फुसाचे आजार कमी झाले का, हे त्यातून कळत नाही.

उलट उदाहरणही आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला (1994). म्हणजे 'नैसर्गिक' घटकाची गोळी निर्धोकच असते असे नाही.

काय करावे?

- आवळा, पेरू, पालेभाज्या, हळद रोजच्या जेवणात असू द्या. जास्त मात्रेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.
- दम्याचा इनहेलर काढ्याच्या भरवशावर बंद करू नका.
- पुण्याच्या हवेची माहिती 'सफर' यंत्रणेवर मिळते. हवा वाईट असेल तेव्हा बाहेरचा व्यायाम टाळा, एन 95 मास्क नीट बसवून वापरा.
- कचरा जाळू नका, चुलीच्या धुराला वाट ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेची पीएम 2.5 ची वार्षिक मर्यादा 5 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर भारताची 40. ही दरी आहारातून भरून निघणारी नाही. त्यासाठी हवाच स्वच्छ व्हावी लागेल.