लिहिणारा आणि लिहिला गेलेला

आपल्या जेऊरच्या पंचक्रोशीत कोणत्याही बुजुर्ग माणसाजवळ घटकाभर बसा. बोलता बोलता एखाद्या पूर्वजाची गोष्ट निघतेच. कोणाचे खापरपणजोबा पलटणीबरोबर समुद्रापार गेले होते, कोणाचे मुंबईच्या गोदीत लागून जहाजावर चढले होते, कोणी हजला गेले ते परत आलेच नाहीत. गोष्ट रंगते, पण साल कोणते, जहाज कोणते, पलटण कोणती असे विचारले की सांगणारा गप्प होतो. राजेरजवाड्यांची दफ्तरे आहेत, सरदारांच्या सनदा आहेत. सामान्य माणसाचा माग काढावयाचा कसा?

या प्रश्नाचा विचार करताना व्हिक्टोरिया राणीच्या काळातील दोन माणसांची चरित्रे फार उपयोगी पडतात. दोघेही आफ्रिकेतील याओ जमातीचे. दोघेही लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडले. दोघांच्याही आयुष्याचा एक मोठा टप्पा पश्चिम हिंदुस्थानात गेला आणि पुढे दोघांनीही हजारो मैल पायी तुडवले. फरक एवढाच, की एकाविषयी इतरांनी लिहिले आणि दुसऱ्याने स्वतः लिहिले.

सिदी मुबारक

दिकसळ ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हा लोहमार्ग १८५९ साली सुरू झाला आणि आपल्या भागात आगगाडी आली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १८५८ मध्ये, जॉन स्पीक नावाचा इंग्रज अधिकारी आफ्रिकेतील एका अफाट सरोवराच्या काठी उभा होता. या सरोवराला त्याने राणीचे नाव दिले. त्याच्याबरोबर सिदी मुबारक ऊर्फ ‘बॉम्बे’ हा माणूस होता. आपल्या मुंबईचे नाव त्याला असे कायमचे चिकटले होते.

मुबारकचे बालपण आपल्याला कळते ते स्पीकमुळे. स्पीकने त्याच्या तोंडून त्याची हकीकत ऐकली आणि आपल्या ग्रंथात छापली. तो सुमारे बारा वर्षांचा असताना हत्यारबंद व्यापारी कर्जाची वसुली मागत गावावर चालून आले. गावकरी पळाले. जे सापडले त्यांना साखळदंड घालून किल्वा बंदरात नेण्यात आले. तेथून झांजीबार आणि झांजीबारहून हिंदुस्थान. काही वर्षांनी मालक वारला तेव्हा मुबारक मोकळा झाला आणि झांजीबारला परतून सुलतानाच्या फौजेत शिपाई झाला. १८५७ मध्ये बर्टन आणि स्पीक यांनी त्याला नोकरीस घेतले. स्पीकला आफ्रिकेतील भाषा येत नव्हत्या, पण मोडकीतोडकी हिंदुस्थानी येत होती. मुबारकलाही ती येत होती. एका इंग्रजाचे आणि एका आफ्रिकनाचे आफ्रिकेच्या पोटात जे बोलणे चालले, ते आपल्या देशाच्या भाषेत चालले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे स्पीक आणि ग्रँट यांच्याबरोबर तो नाईलच्या उगमाकडून उत्तरेस चालत १८६३ मध्ये कैरोपर्यंत पोहोचला. १८७१ मध्ये स्टॅन्ली हा वार्ताहर लिव्हिंगस्टनच्या शोधात उजिजीला गेला, तेव्हाही मुबारक बरोबर होता. त्यानंतर कॅमेरॉनच्या तुकडीबरोबर पूर्व किनाऱ्यावरून निघून तो नोव्हेंबर १८७५ मध्ये अटलांटिक महासागराच्या काठी उतरला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला रौप्यपदक दिले आणि पुढे निवृत्तिवेतनही दिले. १८८५ मध्ये तो वारला.

आता या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहा. बर्टन आणि स्पीक त्याच्या प्रामाणिकपणाची तारीफ करतात. स्टॅन्ली मात्र त्याच्याविषयी जागोजाग कुरकुरतो. माणूस एकच, साक्षीदार निरनिराळे. आळस कोणाचा आणि उतावीळपणा कोणाचा, हे ठरवताना मुबारकची बाजू आपल्यापुढे येत नाही, कारण लेखणी नेहमी दुसऱ्याच्या हातात होती.

जेकब वेनराइट

दुसरा माणूस आपल्या अधिक जवळचा, कारण तो नाशकात शिकला. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूर येथे ख्रिस्ती मिशनची वसाहत होती. शरणपूर रोड आज नाशिक शहराच्या ऐन वस्तीत आहे. तेथे ही मुले सुतारकाम, लोहारकाम आणि त्याबरोबरच लिहिणे-वाचणे शिकत. आफ्रिकेत त्यांना ‘नाशिकची मुले’ असेच म्हणत. जेकब वेनराइट हा त्यांपैकी एक.

१८७२ मध्ये तो लिव्हिंगस्टनच्या मदतीस धाडलेल्या तुकडीत सामील झाला. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. अक्षरओळख असल्यामुळे हे काम त्याच्याकडे आले. तो कोरलेला लाकडाचा तुकडा लंडनला जपून ठेवलेला आहे. मग त्या तुकडीने तो देह हजार मैलांहून अधिक अंतर वाहून फेब्रुवारी १८७४ मध्ये किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबही होता.

वाटेत त्याने रोजनिशी लिहिली होती. तिचे जर्मन भाषांतर १८७४ मध्येच छापले गेले. त्याच्या हस्ताक्षरातील मूळ इंग्रजी वही स्कॉटलंडमधील लिव्हिंगस्टनच्या जन्मस्थानी आहे आणि २०१९ पासून ती जगभरच्या वाचकांना संगणकावर पाहता येते. जेकब १८९२ मध्ये उरांबो येथे वारला. त्याला पदव्या नव्हत्या, संपत्ती नव्हती. पण लिव्हिंगस्टनच्या मृत्यूविषयी प्रश्न पडला, की आज विद्वानांना नाशकात शिकलेल्या या मुलाची साक्ष काढावी लागते.

आपल्या घरचे कागद

वाचकहो, आता आपल्या घराकडे वळू या. आपल्या पूर्वजांपैकी बहुतेक जण मुबारकसारखे आहेत. ते दुसऱ्यांच्या वहीत सापडतात. तलाठ्याचे फेरफार, जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, रेल्वेचे सर्व्हिस बुक, पेटीच्या तळाशी पडलेला मोडी कागद, या सर्वांत त्यांचे नाव असू शकते. शोधताना एक सावधगिरी बाळगावी. एकच माणूस एका ठिकाणी शेख, दुसऱ्या ठिकाणी मुलाणी किंवा तांबोळी म्हणून लिहिलेला असतो. मुबारकही कोठे सिदी, कोठे बॉम्बे असाच भेटतो. तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नये; बापाचे नाव, गाव आणि गट नंबर जुळवून पाहावे.

घरातील आठवण सालाला बांधता येते. ‘हबश्यांच्या मुलखात लढाईला गेले’ असे कोणी सांगितले, तर मुंबईहून पलटणी ॲबिसिनियाच्या मोहिमेवर गेल्या ते १८६७-६८ हे साल तपासावे. ‘मिरिच देशात गेले’ असे म्हटले तर मॉरिशस समजावे. तेथे १८३४ पासून गेलेल्या मजुरांची नोंदपुस्तके मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, आणि त्यांत बापाचे नाव, गाव व जहाज लिहिलेले सापडते. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत, म्हणून घरातील मोडी कागद आजच वाचून घ्यावेत. वाळवी आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाहीत.

परंतु कागदांच्या आधी माणसे जातात. स्पीकने मुबारकला त्याच्या बालपणाविषयी विचारले नसते, तर ते गाव, तो साखळदंड आणि किल्व्याची ती वाट मुबारकबरोबरच मातीआड झाली असती. आपल्या घरी हे विचारायला परका मनुष्य येणार नाही. मुलांच्या दप्तरात वह्या आहेत आणि ओसरीवर आजोबा बसले आहेत. त्यांना विचारा, ते सांगतील तसे लिहा आणि वर तारीख घाला. एरवी आपला पूर्वज दुसऱ्याच्या वहीत सापडेल तेवढाच उरेल.