कंपूतला पंच, मोहाचा

साल 1810. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तंबूंची न संपणारी रांग आहे आणि तुम्ही तिच्या मधोमध उभे आहात. उज्जैन सोडून आलेल्या दौलतराव शिंद्यांनी इथे तळ ठोकला आहे. हा तळ पुन्हा उठणार नाही, याचंच शहर होईल आणि त्याला लोक लष्कर म्हणतील, हे इथल्या कुणाच्या ध्यानीमनी नाही. फिरंगी पद्धतीने कवायत करणाऱ्या पलटणी जिथे उतरतात तो कंपू. पावलापावलाला राहुटीची दोरी पायात येते. घोड्यांचा, शेणाच्या धुराचा, तापलेल्या मातीचा वास येतो. जाँ बाप्तिस्त फिलोजसारखे युरोपी रक्ताचे सरदार अजून शिंद्यांच्या चाकरीत आहेत.

संध्याकाळी तुम्हाला एका भांड्यात पंच करायचा आहे. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला, एवढंच सामान. लिंबू आणि गूळ बाजारात आहे, जायफळ पसाऱ्याकडे मिळेल. अडतं ते दारूपाशी. ब्रँडी समुद्रापलीकडून येणार, बंदरावर उतरणार, मग बैलगाडीने शेकडो कोस चालणार. ती वाटेल त्याला मिळत नाही. कलालाकडे मात्र मोहाची आहे. तो मातीच्या कुल्हडात थोडी ओततो. नाकाशी नेताच आधी धूर लागतो, मग गोड फूल, आणि सगळ्यात शेवटी भिजवलेल्या मनुकांसारखा दाट वास. घोट घेऊन पाहा. जिभेवर साखर नाही, तरीही गोड वाटतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बर्फ मात्र मागू नका. अमेरिकेहून बर्फाचं पहिलं जहाज कलकत्त्याला लागायला 1833 उजाडायचं आहे. तुम्ही सुरई घ्या, पाण्याने भरा, तोंड घट्ट बांधा. मोठ्या घंगाळात पाणी घेऊन त्यात सोरा टाका आणि सुरई त्यात गोल गोल फिरवत राहा. सोरा विरघळताना बाहेरच्या पाण्यातली उष्णता ओढून घेतो आणि सुरईतलं पाणी गार होतं. अकबराच्या काळातली ही युक्ती ‘ऐने अकबरी’त नोंदलेली आहे. तोफखान्याच्या तळावर सोऱ्याला काय तोटा? बंदुकीच्या दारूत जातो तोच सोरा इथे पिण्याचं पाणी निववतो. माझ्या मते कंपूतला सगळ्यात देखणा शोध हाच.

आता आणखी मागे चला. 1638, सुरत, इंग्रजांची वखार. योहान आल्ब्रेख्त फॉन मँडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी तुमच्या शेजारी बसला आहे. समोरच्या पंचात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर आहे. पुढे तो आपल्या प्रवासवर्णनात हे लिहून ठेवणार आहे. तीसेक वर्षं पुढे बंगालात फ्रेंच वैद्य बर्निए हेच पेय बघतो. त्यात गुळाची दारू, लिंबू, पाणी आणि वरून किसलेलं जायफळ आहे. चवीला छान, पण तब्येतीची वाट लावणारं, असं त्याचं मत. वैद्याचं बोलणं तुम्हीही मनावर घ्या.

या दोन्ही ठिकाणी भांड्यात इथलीच दारू आहे. टोपीकर हे पेय आपल्या देशी घेऊन गेले, तेव्हा तिथे ही दारू महाग पडू लागली, म्हणून त्यांनी ब्रँडी घातली, रम घातली. पुढे क्युबात रम, लिंबू आणि साखरेचा डाकिरी झाला, तोही याच कुळातला. बदली दारू तिकडची होती, मूळ इकडची. म्हणून मोहाचा पंच केलात तर कसला तरी धाडसी प्रयोग केला असं मुळीच समजू नका.

1892 मध्ये ठाणे जिल्ह्यात थोडं थांबा, आणि इथे गप्प बसून पाहा. पहाट आहे. मोहाच्या झाडाखाली फिकट पिवळी, रसाने टपोरी फुलं पडली आहेत आणि बायका ती वेचताहेत. हे त्यांचं अन्न आहे, विकायचा माल आहे आणि घरच्या भट्टीचा कच्चा मालही आहे. मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा केला आहे. परवान्याशिवाय ही फुलं बाळगणं आता गुन्हा. सरकारी भट्टीचा महसूल वाढावा म्हणून गरिबाच्या घरातलं फूल गुन्हेगार ठरवलं गेलं. मला याचा आजही संताप येतो. महाराष्ट्रात फुलांवरची बंधनं सैल व्हायला 2021 साल उजाडलं.

पुन्हा ग्वाल्हेर. विसाव्या शतकाची सुरुवात, जयविलास. फिलोज घराण्यातल्याच मायकेल फिलोजने 1874 मध्ये उभा केलेला हा राजवाडा, आणि माधवराव महाराजांची पंगत. टेबलावर रूळ आहेत, त्यावरून चांदीची छोटी आगगाडी येते. डब्यांत मद्याच्या सुरया आहेत. तुमच्यासमोर आली की सुरई उचला, गाडी थांबेल. परत ठेवा, गाडी पुढच्या पाहुण्याकडे जाईल. या गाडीत ब्रँडी आहे, पोर्ट आहे. मोहाची नाही.

आता आजच्या कंपूत या. बाहेर जयारोग्य रुग्णालयाकडे जाणाऱ्या ई-रिक्षांचा गलका आहे आणि तुम्ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे आहात. बाटली सीलबंदच घ्या. 2021 च्या जानेवारीत शेजारच्या मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने वीसहून जास्त माणसं गेली. अशा दारूतलं मिथेनॉल वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून परवानगी दिली आहे आणि अलीराजपूरचा आदिवासी स्वयंसहायता गट ‘मोंड’ नावाने ती बनवतो.

गूळ आणि पाणी समप्रमाणात घेऊन मंद आचेवर विरघळवा, गाळा, पूर्ण निवू द्या. रमच्या डाकिरीत 60 मिलीला 20 मिली पाक चालतो. इथे 60 मिली मोहाच्या दारूला 10 मिलीच घाला, कारण कुल्हडातला तो घोट आठवा: फुलाचा गोडवा आधीच हजर आहे. लिंबू उलट वाढवा, 25 मिली, म्हणजे साधारण दोन कागदी लिंबं. रस आयत्या वेळी काढा आणि साल पिळू नका, कडवट होतं. हे सगळं झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फासोबत टाका आणि बरणीला बाहेरून दव धरेपर्यंत जोरात हलवा. चहाच्या गाळणीतून ग्लासात ओता, वर 30 मिली गार पाणी. शेवटी जायफळ, पण दोनदाच किसणीवर फिरवा. तिसऱ्या फेऱ्याला ते बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतं.

चाखा. धुराची चव पुढे येत असेल तर पाक नका वाढवू, चिमूटभर सैंधव घाला. फार आंबट झालं तर थोडं पाणी. दारूच कडक वाटत असेल तर पुढच्या वेळी 60 ऐवजी 45 मिली घ्या आणि लिंबू 20 वर आणा.

चौघांसाठी करायचं असेल तर सगळं चौपट करून तांब्यात कालवा, बर्फ मात्र ग्लासात द्या. काका म्हणतील, यात जरा रम असती तर. त्यांना आधी मोहाचा द्या.