कर्मवीरांचे वसतिगृह : करुणेची एक पाठशाळा

मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितल्या आहेत. पाठशाळेत आपण त्या मुलांकडून मुखोद्गत करून घेतो. परंतु कारुण्यभावना मुखोद्गत होणे आणि ती अंगी बाणणे यांत केवढे अंतर असते, हे आपल्याच समाजातील एका विद्यार्थ्याच्या चरित्रावरून ध्यानी येते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले व तेथील जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. 1908 साली छत्रपती शाहू महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर, स्नान केल्यावाचून भोजनगृहात प्रवेश मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी स्नानास साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

समाजाच्या इतिहासात हा प्रसंग आपण घाईने उरकतो. वास्तविक तो थांबून पाहण्याजोगा आहे. बोर्डिंगची सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते अण्णासाहेब लठ्ठे काही जुन्या वळणाचे गृहस्थ नव्हते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे ते धुरीण. पुढे शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनीच लिहिले, आणि 1937 साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. अशा विद्वान, सुधारणावादी पुरुषासही त्या दिवशी रूढीची चौकट ओलांडता आली नाही. ज्या जिवाला दुखवू नये असे आपण शिकवत होतो, त्याच्या सहवासाचा विटाळही आपणच मानीत होतो. हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

या कथेला पुढे आणखी एक वळण मिळाले. 1914 च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. त्यात लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले, त्यांचा अतोनात छळ झाला. ज्यांनी आपणास बोर्डिंगबाहेर काढले त्यांच्याविरुद्ध एक खोटा शब्द उच्चारण्यास ते अखेरपर्यंत तयार झाले नाहीत.

त्याच काळात वर्गाबाहेर बसून शिकणारा एक अस्पृश्य मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. हळहळ व्यक्त करून ते पुढे गेले नाहीत; त्यास त्यांनी कोल्हापुरास आणून मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये दाखल केले. हाच ज्ञानदेव घोलप पुढे मुंबई विधिमंडळाचा सभासद झाला आणि ‘मूकनायक’ पत्राचा संपादकही.

1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह निघाले; 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. येथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. पाणी भरणे, स्वयंपाक, झाडलोट ही कामे मुलेच आळीपाळीने करीत. दुर्बलांविषयी दया बाळगा, असे प्रवचन देण्याची भाऊरावांना फारशी गरज भासली नसावी. ज्याच्या हातची भाकरी रोज खायची, त्याला कनिष्ठ लेखणे मुलास अवघड जाते. आणि ज्याला आजवर दूर बसविले गेले, त्यालाही आपण कोणाच्या उपकारावर जेवतो असे वाटत नाही, कारण पीठ त्यानेही मळलेले असते. माझ्या मते भाऊरावांचे खरे शिक्षणशास्त्र हेच होय. ‘कमवा आणि शिका’ या योजनेचे मूळही त्यातच सापडते.

खर्चाची तोंडमिळवणी मात्र सदैव कठीण. गावोगाव मूठमूठ धान्य गोळा केले जाई. तेही अपुरे पडे, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपले दागिने काढून देत. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या जैन गृहिणीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. एका प्रसंगी घरात धान्य उरले नव्हते आणि भाऊराव परगावी होते. लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र विकावयास दिले, आणि त्या पैशातून आलेल्या धान्यावर मुले जेवली. 1930 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा वसतिगृहाला जेमतेम सहा वर्षे झाली होती.