बाटली गेली, बटवा आला

ऑक्टोबर 2025मध्ये छिंदवाड्याच्या लेकरांच्या मृत्यूंनी विदर्भ हादरला. त्यातली कित्येक उपचाराला नागपुरात आणलेली होती. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष 48.6 टक्के निघालं. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाचाखालीही सहसा नकोत. तेव्हापासून बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, एक मत सर्रास ऐकू येतं : बाटली फेका, आजीचा बटवा काढा, घरचं कधी बाधत नाही.

यातली बाटली फेकण्याची गोष्ट मान्य. सर्दी विषाणूची. ती आठ-दहा दिवसांत आपसूक ओसरते. सिरप तिला लवकर घालवत नाही, अँटिबायोटिकही नाही. पण बाटली घातक ठरली म्हणून बटवा निर्धोक ठरत नाही.

मधात उगाळलेली घुटी घ्या. मधात कधी कधी बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करू शकतात आणि बाळ लुळं पडतं. हाच मध वर्षानंतर झोपताना अर्धा चमचा दिला तर रात्रीचा खोकला थोडा कमी होतो, याला अभ्यासांचा आधार आहे. आजी चुकली ती फक्त वयात. कापराचं तसं नाही : लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी झटके येतात. माळीश करताना नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करू शकतं. वाफेच्या भांड्यानं मुलं भाजतात. ओव्याची धुरी तर उलटीच गोष्ट. घरातल्या धुरानं मुलांच्या न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि शेजारच्या मेळघाटात फेब्रुवारी 2025मध्ये 22 दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर गरम विळ्याचे 65 चटके दिले गेले. तोही घरचाच उपाय होता.

‘आमची लेकरं अशीच वाढली’ यावर उत्तर एवढंच, की जी वाढली नाहीत त्यांचा दाखला कुणी देत नाही.

मग करायचं काय? तान्हं बाळ मुख्यतः नाकानं श्वास घेतं. नाक चोंदलं की त्याला दूध ओढता येत नाही, म्हणून ते चिडतं आणि उपाशी राहतं. घरच्यांना वाटतं आजार वाढला. खरा उपाय इथेच आहे. मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत टाकावेत आणि सुटलेला शेंबूड मऊ कापडानं टिपावा. अंगावरचं दूध थोडं थोडं, पण वारंवार पाजावं. सहा महिन्यांनंतर कोमट पाणी, पेज. बाळाला मांडीवर उभं धरण्याची आजीची सवय मात्र जरूर ठेवावी.

लक्ष ठेवायचं ते श्वासावर. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होताना मोजा; जमत नसेल तर गावच्या आशाताई शिकवतील. दोन महिन्यांखाली 60, वर्षापर्यंत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त श्वास भरले, छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध सोडत असेल किंवा दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल, तर 108ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका.