लक्ष्मी रस्ता : वाट आणि पेठ

एखाद्या गावाची ओळख करून घ्यावयाची तर त्याची देवळे पाहावीत, वाडे पाहावेत, असे सांगण्यात येते. आम्ही म्हणू, त्याची बाजारपेठही पाहावी. देवळात माणूस हात जोडून उभा राहतो, वाड्यात पाहुणा होऊन बसतो. बाजारात मात्र तो जसा असतो तसाच दिसतो. पुणेकर असा पाहावयाचा असेल, तर लक्ष्मी रस्त्यावर जावे.

जुने पुणे हे पेठांचे गाव. पेठ म्हणजे नुसती घरांची दाटी नव्हे. ती बाजारासह वसविलेली वस्ती. प्रत्येक पेठेला तिचे शेटे-महाजन असत. पेशवाईत मलकापूरची रविवार पेठ झाली, मुर्तझाबादची शनिवार झाली; पुढे सदाशिवरावभाऊ, नारायणराव, नाना फडणीस यांच्या नावांच्या पेठा झाल्या. रविवारात कापडगंज, मोती चौकात सराफ, कसब्यात तांबट. जिन्नस ठरला की पेठ ठरली, असा गिऱ्हाइकाचा शिरस्ता. गावातले बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता हे दोन मोठे रस्ते दक्षिणोत्तर जातात. या पेठांना पूर्व-पश्चिम ओवणारा सलग, रुंद रस्ता ही मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नगरपालिकेच्या कारकिर्दीची देणगी. नाना पेठेकडून निघून रविवार, बुधवार ओलांडीत थेट टिळक चौकापर्यंत जाणारा तो हा लक्ष्मी रस्ता. निरनिराळ्या मण्यांत दोरा घालावा, तसे हे काम झाले.

या दोऱ्यावर इतिहासाचे थर पावलोपावली लागतात. बेलबाग चौकात नाना फडणिसांचे विष्णुमंदिर आहे. जवळच तुळशीबाग; नारो आप्पाजी खिरे यांनी उभारलेल्या राममंदिराच्या आश्रयाने तेथे भातुकलीपासून देव्हाऱ्यातल्या समईपर्यंत सारा संसार विकला जातो. थोडे पुढे गेले की हुजूरपागा. पेशव्यांच्या घोड्यांची ही पागा. तेथे 1884 साली निघालेली मुलींची शाळा नावारूपाला आली, आणि तरीही लोकांनी तिला ‘पागा’च म्हटले. जुने नाव टाकावयाचे नाही आणि नवे काम अडवावयाचे नाही, हा या रस्त्याचा स्वभाव त्या एका नावात उतरला आहे.

दुसरा स्वभाव लग्नसराईत दिसतो. बस्ता बांधावयास आलेले कुटुंब पांढऱ्या गादीवर बैठक मारते. आजीला काठ रुंद हवा असतो, नवरीला रंग फिका हवा असतो, आणि वडील फक्त किंमतीची चिठ्ठी उलटून पाहतात. दुकानदार घडीवर घडी मोडीत जातो. मग शेजारच्या सराफाकडे मणी-मंगळसूत्र. परगावचे लोकही ‘पुण्याहून बस्ता आणला’ असे चारचौघांत सांगतात, ते उगाच नव्हे. येथे खरेदी हा घरगुती समारंभ असतो, आणि समारंभाला सवड लागते.

येथेच या रस्त्याचा मूळ पेच आहे. तो रुंद केला जाण्यासाठी. बाजाराने त्याला थांबण्याची जागा केले. वाट म्हणते पुढे चला, पेठ म्हणते जरा बसा. बैलगाडी, टांगा आणि सायकल यांच्या काळात हे भांडण गोडीचे होते. मोटारी आणि स्कूटरी वाढल्या तेव्हा ते कडू झाले. वाहतूक एकदिशा करून झाली, तरी पायी चालणारा दुकानाची पायरी आणि उभी वाहने यांच्या फटीतूनच वाट काढतो.

वर्षातून एकदा मात्र तो मालक होतो. अनंत चतुर्दशीला मंडईतील टिळक पुतळ्यापासून मिरवणूक निघते. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती बेलबाग चौकातून या रस्त्याला लागतात. मिरवणूक चोवीस तासांहूनही अधिक चालते, 2022 साली ती सुमारे एकतीस तास चालली, आणि तेवढा वेळ वाहनावाचून या रस्त्याचे काही अडत नाही. 11 डिसेंबर 2021 रोजी महानगरपालिकेने पादचारी दिन पाळून नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा भाग वाहनांना बंद ठेवला, तेव्हा साध्या दिवशीही हे घडू शकते, एवढे तरी दिसले.

गाडी दाराशी आली नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही व्यापाऱ्याची धास्ती आम्ही खोटी म्हणत नाही. त्याचे पोट या रस्त्यावर आहे. पण गाडीतून जाणारा काच पाहतो, चालणारा दुकान पाहतो. ज्या सवडीवर या पेठेने लौकिक मिळविला, ती सवड पायी चालणाऱ्याने दिलेली आहे. पागेची शाळा करणाऱ्या गावाला वाटेची पुन्हा पेठ करणे जड जाऊ नये.