वाफ्यावरचं पांघरूण : धुळीपासून पाचोळ्यापर्यंत

घरच्या बागेतल्या वाफ्यावर पाचोळा पसरायचा, ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की तिलाही काही इतिहास असेल असं आपल्या मनात येत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या शेतीशास्त्रज्ञाला विचारलं असतं, 'जमिनीची ओल टिकवायला वर काय पांघरू?', तर बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळालं असतं, 'मातीच!' आज आपण या उत्तराचा प्रवास पाहू आणि मग आपल्या वाफ्याचा हिशेब करू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत फ्रँकलिन किंग यांच्यासारखे मृदाशास्त्रज्ञ सांगत होते की दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं जमिनीतलं पाणी बारीक नळ्यांमधून वर चढतं आणि उडून जातं. वरचा थर मोकळा, भुसभुशीत केला की वात तुटते. या थराला 'धुळीचं आच्छादन' असं नाव पडलं. आपल्याला हे ऐकून कोळपणी आठवेल. 'एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी' असं आपल्याकडचे शेतकरी म्हणतातच.

अमेरिकेत हार्डी कॅम्पबेल यांनी या कल्पनेचा जोरदार प्रचार केला. कमी पावसाच्या मैदानी प्रदेशात लोक वसावेत, मालाची वाहतूक वाढावी, म्हणून रेल्वे कंपन्यांनीही त्याला हातभार लावला. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला, तेव्हा गवताळ माळ मोठ्या प्रमाणावर नांगराखाली आले. 1930 नंतर सलग दुष्काळ पडला आणि ती बारीक केलेली उघडी माती वाऱ्याबरोबर उडाली. 14 एप्रिल 1935 चा रविवार तिथे 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. त्याच महिन्यात अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला. याला फक्त धुळीचं आच्छादन कारणीभूत होतं असं नाही; पण ओल राखायला सुचवलेला उपाय माती राखू शकला नाही, एवढं मात्र उघड झालं.

मग आपली कोळपणी चुकीची का? नाही. काळी जमीन भेगाळते. कोळप्याने भेगा बुजतात आणि पाणी पिणारं तण मरतं. शिवाय 1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या कामातून जी पद्धत शेतकऱ्यांपुढे आली, तिच्यात कोळपणीच्या जोडीला बांधबंदिस्ती आणि शेणखतही होतं. एकट्या मोकळ्या मातीवर सगळा भार टाकलेला नव्हता.

पुढचं उत्तर नेब्रास्कातून आलं. 1938 पासून डूली आणि रसेल या दोन संशोधकांनी पिकाचं काड शेतातच, जमिनीच्या वर ठेवून प्रयोग केले. त्यातून दिसलं ते असं : उघड्या मातीवर पावसाचे थेंब आपटतात, वरचे कण फुटून पापुद्रा धरतो आणि पाणी आत न जाता वाहून जातं. काड तो मार स्वतःवर घेतं. म्हणजे आच्छादन नुसतं पाणी उडू देत नाही असं नाही, ते पाणी आत शिरूही देतं.

घरच्या बागेत हा विचार लोकप्रिय केला कनेक्टिकटच्या रूथ स्टाउट यांनी. रहस्यकथाकार रेक्स स्टाउट यांच्या या बहिणीने 1944 मध्ये नांगरट सोडली आणि 1955 च्या पुस्तकात सल्ला दिला, वाळलेल्या गवताचा आठ इंच, म्हणजे वीस सेंटिमीटर थर द्या. पण तो थंड हवेतला हिशेब. आपल्याकडच्या पावसाळ्यात इतका जाड ओला थर म्हणजे गोगलगायींना घर. आपल्याला सात-आठ सेंटिमीटर पुरे.

आता मोजमाप. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर थर म्हणजे दहा लिटर, एवढं लक्षात ठेवलं की झालं. समजा वाफा 4 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद आहे. आठ सेंटिमीटर थराला 4 × 8 × 10, म्हणजे 320 लिटर. वीस लिटरच्या सोळा बादल्या. सुका पाचोळा मात्र लवकर बसतो, म्हणून तो जवळजवळ दुप्पट जमवावा.

निवडीचंही तसंच. उसाचं पाचट आणि भाताचा पेंढा चांगला टिकतो. गवत बी धरण्याआधीचं घ्या, नाहीतर आपणच तण पेरू. भाताचं तूस हलकं, वाऱ्याने उडतं. ते पाचोळ्याखाली घाला. लाकडाचा ताजा भुसा मातीत मिसळू नका, तो कुजताना नत्र खेचून घेतो. कोरड्या काडाला वाळवी लागते, म्हणून अधूनमधून थर उचलून पाहावा. आणि खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडावी.

आपल्या शहरांत पानगळीच्या दिवसांत झाडून काढलेला पाचोळा अजून पेटवला जातो आणि उन्हाळ्यात त्याच आवारातले वाफे उघडे तापतात. उघड्या मातीची किंमत एका देशाने 1935 साली मोजली. आपल्याला ती वाफ्यापुरतीसुद्धा मोजायचं कारण नाही. सोळा बादल्या पाचोळा आपल्या दारातच पडलेला असतो.